धायटी: उघड्या उतारावर देशी झुडूप कसे लावावे, बी गोळा करण्यापासून पहिल्या फुलोऱ्यापर्यंत

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सह्याद्रीच्या एखाद्या कोरड्या उतारावर गेले, तर गवत पिवळे पडून आडवे झालेले असते, ओढ्यात पाण्याचा टिपूस नसतो, बहुतेक झाडांची पाने झडून गेलेली असतात. आणि नेमक्या याच दिवसांत मुरमाच्या कडेला छातीएवढे एक झुडूप लांब, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्यांवर ओळीने लागलेल्या लाल फुलांनी भरून गेलेले दिसते. ही धायटी. काही भागांत तिला धावस म्हणतात, आयुर्वेदात ती धातकी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि अग्निज्वाला व ताम्रपुष्पी ही तिची संस्कृत नावे ज्याने तिला फुललेली पाहिली आहे त्याला समजावून सांगावी लागत नाहीत. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा असे आहे. मेंदी, डाळिंब, बोंडारा आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेली तामण हे सगळे तिच्याच कुळातले.

ज्यांच्याकडे डोंगरउताराची शेतजमीन, पडीक बांध, गावाचे गायरान किंवा शहराजवळची एखादी बोडकी टेकडी आहे आणि तिथे देशी झुडपे परत आणण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वृक्षारोपणात आपण सगळे झाडांच्या मागे लागतो आणि झुडपांना विसरतो. उताराची माती धरून ठेवण्याचे, शिंजिरांना (फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांना) आणि मधमाश्यांना भर उन्हाळ्यात मध पुरवण्याचे आणि पुढे येणाऱ्या झाडांच्या रोपांना आडोसा देण्याचे काम मात्र झुडपेच करतात. बी गोळा केल्यापासून रोप जमिनीत जाईपर्यंत एक पूर्ण वर्ष लागते, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. या कामात घाई चालत नाही.

आधी नीट ओळख करून घ्यावी

धायटीचे झुडूप साधारण एक ते तीन मीटर उंच वाढते. एकाच बुंध्यापासून अनेक फांद्या फुटतात आणि त्या लांब वाढून बाहेरच्या बाजूला झुकतात. जुन्या खोडाची साल तांबूस करडी असते आणि तिचे पातळ पापुद्रे सुटतात. पाने समोरासमोर, क्वचित तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. ती भाल्याच्या पात्यासारखी, पाच ते नऊ सेंटिमीटर लांब असून त्यांना देठ जवळजवळ नसतो. खरी खूण पानाच्या पाठीवर आहे. पान उलटे करून उजेडात धरावे: पाठ फिकट करडी, बारीक लवेची दिसते आणि तिच्यावर सुईच्या टोकाने उमटवल्यासारखे काळसर ठिपके असतात. झुडूप फुलावर नसतानाही ही खूण पुरेशी ठरते.

फूल हातात घेऊन एकदा सावकाश पाहावे, कारण पुढे बी गोळा करताना ही माहिती उपयोगी पडते. ज्या लाल नळीला आपण पाकळ्या समजतो, तो वास्तविक निदलपुंज, म्हणजे फुलाचे पाकळ्यांबाहेरचे आवरण आहे. एक ते दीड सेंटिमीटर लांबीची, किंचित वाकलेली ही नळी असते. तिच्या तोंडाशी सहा दात असतात, आणि त्या दातांच्या मधल्या खाचांत खऱ्या पाकळ्या, सहाच, पण इतक्या अरुंद आणि लहान की त्या शोधाव्या लागतात. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. नखाने नळी उभी चिरली, तर तळाशी मधाचा चकचकीत थेंब दिसतो. डोंगराळ गावांतली मुले फूल तोडून हा मध चोखतात. खऱ्या पाकळ्या गळून गेल्या तरी निदलपुंजाची नळी फांदीवर तशीच राहते, म्हणून फुलोरा संपल्यावरही झुडूप दुरून कितीतरी दिवस लालच दिसते.

दुरून पाहताना मुरुडशेंगेशी घोटाळा होण्याची शक्यता असते, कारण तिचीही फुले लालसर आणि वाकडी असतात. परंतु मुरुडशेंगेची पाने रुंद, खरबरीत आणि एकाआड एक लागलेली असतात, आणि तिच्या पीळ दिलेल्या शेंगा पाहिल्या की शंका उरत नाही. रोपवाटिकेतून रोप घेणार असाल, तर पानाची पाठ तपासल्याशिवाय घेऊ नये. बागेसाठी विकले जाणारे कुफिया हे याच कुळातले परदेशी झुडूप असून त्याच्या काही प्रकारांची नळीदार फुले धायटीची आठवण करून देतात.

तिचे मूळ घर कसे असते

लागवडीचे जवळजवळ सगळे उत्तर या भागात आहे, म्हणून इथे थोडे थांबावे आणि शक्य असल्यास स्वतः जाऊन पाहून यावे. सिंहगडाच्या उतारांवर, कोकणातल्या जांभ्या दगडाच्या टेकड्यांवर, सातपुड्यात, घाटरस्त्यांच्या कापलेल्या कडांवर धायटी दिसते. हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांपर्यंत तिचा विस्तार आहे. इतक्या वेगवेगळ्या प्रदेशांत तिची जागा मात्र एकाच प्रकारची असते. पाणी साचत नाही असा उतार, भरपूर ऊन आणि कमी माती. पानझडी जंगलाच्या कडेला, जुन्या दरडीच्या राडारोड्यात, सोडून दिलेल्या वरकस जमिनीत ती घोळक्याने वाढते. पण जंगल दाट होऊन डोक्यावर सावली आली की ती विरळ होत जाते आणि हळूहळू निघून जाते. उघड्या जमिनीवर आधी येऊन इतरांना जागा करून देणारी ही वनस्पती आहे.

तिचे शेजारीही पाहावेत. करवंद, मुरुडशेंग, कुडा, गेळा, हेकळ, आपटा, बोंडारा ही मंडळी ज्या उतारावर आहेत, तिथे धायटी सहसा असतेच, किंवा पूर्वी असावी. पळस, पांगारा आणि काटेसावर यांचा फुलोराही याच काळात असतो. मात्र ती झाडे उंच आणि विरळ. धायटी जमिनीलगत, गर्दीने फुलते. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास फुललेल्या झुडपापासून दहा पावलांवर शांत बसले, तर जांभळा शिंजीर नराचे चकाकते काळे-निळे अंग फांदीवर उलटे लटकून एकेका नळीत चोच घालताना दिसते. चष्मेवाले हे छोटे पक्षी थव्याने येतात. सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांची ये-जा चालू असते. एका झुडपावर अर्धा तास घालवला, तर ते तिथे का असले पाहिजे हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसून येते. वणव्यात जळालेल्या किंवा सरपणासाठी तोडलेल्या धायटीच्या बुंध्यातून पावसाळ्यात नवे फुटवे येतात. ज्या टेकड्या वर्षानुवर्षे चराईखाली आहेत, तिथेही ती टिकून राहिलेली आढळते. म्हणूनच ओसाड उतारावर पहिल्या फळीत लावण्यासाठी मी तिला पसंती देतो. अनेक टेकड्यांवर याच कामासाठी गिरिपुष्प लावले गेले. ते लवकर वाढते आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत हे खरे. पण ते मूळचे मध्य अमेरिकेतले आहे, आणि टेकडीभर एकट्या गिरिपुष्पाची गर्दी झाली की देशी झुडपांना ऊन मिळत नाही. जे काम आपल्या मातीतले झुडूप करू शकते, त्यासाठी बाहेरून झाड आणण्याचे कारण मला दिसत नाही.

जागेची परीक्षा

पावसाळ्याआधी जागेवर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ऊन: दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळाले पाहिजे. दुसरी, निचरा: एक फूट खोल खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओतावे, दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल, तर ती जागा धायटीची नव्हे. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, तिथे आधीपासून काय आहे. मे महिन्यात गवत वाळलेले असताना उतार तिरका चालून जावे आणि जमिनीलगतचे तोडलेले बुंधे पाहावेत. पुष्कळदा तिथे धायटीचे, करवंदाचे, कुड्याचे जिवंत बुंधे असतात आणि दरवर्षीची तोड व आग यांमुळे ते वर येऊ शकत नसतात. अशा ठिकाणी नवीन रोपे लावण्यापेक्षा दोन वर्षे राखण करणे अधिक फलदायी ठरते.

कातळसडे, म्हणजे उघड्या खडकाचे सपाट भाग, आणि मुळातच गवताची असलेली पठारे यांवर काहीही लावू नये. कास पठारासारख्या सड्यांवरची माती काही सेंटिमीटरच असते आणि तिच्यावर पावसाळ्यात येणारी बारीक फुलझाडे दुसरीकडे कुठे सहसा वाढत नाहीत; तिथे खड्डे खणणे म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा उभारण्याचा प्रयत्न होय. धायटीची जागा सड्याच्या कडेच्या उतारावर, मुरमात आणि दगडांच्या फटींत आहे.

उतारावर घाणेरी माजली असेल, तर ती आधी काढावी लागते. ती वरवर कापून उपयोग होत नाही, कारण कापल्या जागेतून दुप्पट फुटवे येतात. कुदळीने माती बाजूला करून खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीच्या खाली घाव घालावा आणि झुडूप उलटे करून, मुळे वर करून वाळू द्यावे. हे काम फळे पिकण्याआधी करावे. नाहीतर पक्षी बी पसरवतात आणि पुढच्या पावसाळ्यात सगळे पुन्हा करावे लागते.

बी गोळा करणे

महाराष्ट्रात धायटी साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फुलते आणि बोंडे एप्रिल-मे महिन्यांत तयार होतात. बोंड सुकलेल्या नळीच्या आतच असते, त्यामुळे बाहेरून ते दिसत नाही आणि इथेच बहुतेकांची चूक होते. लाल दिसणारी नळी फुलाची समजून लोक थांबतात, किंवा कच्ची बोंडे घेऊन येतात. नळीचा लाल रंग उतरून ती तपकिरी, कागदासारखी झाली की दोन बोटांत धरून हलकेच चुरावी. आतले पातळ आवरण सहज फुटले आणि तळहातावर तपकिरी, भुकटीसारखे बारीक बी पडले, तर ते पक्व समजावे. हिरवट, ओलसर गर लागला तर आणखी आठ-दहा दिवस थांबावे.

गोळा करताना पुढील पथ्ये पाळावीत. एकाच झुडपावरून सगळे बी न घेता दहा-बारा झुडपांवरून थोडे-थोडे घ्यावे, म्हणजे रोपांत विविधता राहते. झुडूप शक्यतो आपल्या जागेच्या जवळचे, त्याच पावसाच्या पट्ट्यातले असावे. कोकणातले बी देशावरच्या कोरड्या टेकडीसाठी आणू नये. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही घेऊ नये, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा ठरू शकतो. इतर वनजमिनीवरही आधी वनरक्षकाशी बोलून परवानगी घ्यावी. सर्वांत सोपे म्हणजे खासगी बांधावरचे किंवा मालकी रानातले झुडूप शोधून मालकाला विचारणे.

वारा पडलेला असताना, सकाळी, सुकलेल्या नळ्या कापडी पिशवीत ओरबाडून घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहून बुरशी येते. घरी आणल्यावर वर्तमानपत्रावर सावलीत दोन-तीन दिवस पसरून ठेवाव्यात, मग हाताने चुरून चहाच्या गाळणीतून गाळाव्यात. कचरा वर राहतो आणि बी खालच्या कागदावर जमते. पंखा बंद ठेवावा, कारण एका झुळकीने सगळे बी उडून जाते. हे बी त्याच वर्षी पेरावे. साठवून ठेवण्यापेक्षा दरवर्षी ताजे घेणे चांगले.

पेरणी

मी पहिल्यांदा धायटी पेरली तेव्हा नेहमीच्या भाजीच्या बियांप्रमाणे अर्धा इंच मातीखाली पेरली आणि झारीने पाणी घातले. एकही रोप आले नाही. एवढ्याशा बियात कोंभाला मातीचा थर फोडून वर येण्याइतके अन्नच नसते, आणि झारीच्या पाण्याने जे वर होते तेही कोपऱ्यात वाहून गेले होते. तेव्हापासून मी जी रीत वापरतो ती अशी.

तळाला भोके असलेला, चार ते पाच इंच खोल ट्रे किंवा पसरट कुंडी घ्यावी. तळाशी बारीक खडीचा थर द्यावा. त्यावर दोन भाग गाळलेली लाल माती किंवा पोयटा, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत असे मिश्रण भरून हाताने सपाट करावे. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून माती खालून ओली होऊ द्यावी. वरचा थर गडद झाला की बाहेर काढून निथळू द्यावा. चिमूटभर बी दहापट कोरड्या बारीक वाळूत मिसळून ही वाळू पृष्ठभागावर मीठ भुरभुरावे तशी भुरभुरावी आणि पाटीच्या तुकड्याने हलकेच दाबावी. वरून माती घालू नये. ट्रेवर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक घालून तो उजेडात, पण थेट उन्हापासून दूर, आणि पावसाच्या थेंबांपासून सुरक्षित ठेवावा. पुढचे सगळे पाणी परातीतून, खालूनच द्यावे.

मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरले, तर साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरवी शेवाळासारखी छटा दिसू लागते. ते शेवाळ नसून रोपे असतात, म्हणून खरवडण्याआधी भिंगातून पाहावे. अंकुर दिसले की आवरण रोज थोडा वेळ काढावे आणि आठवड्याभरात पूर्ण काढून टाकावे. दमट हवा कोंडली की रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. चार ते सहा पाने आली की पसरट काडीने मुळाच्या मातीसकट रोप उचलून पिशवीत लावावे. पिशवी पाच इंच रुंद आणि आठ इंच उंच पुरते, आणि तिच्यात निम्मा तरी मुरूम असावा. शेणखताच्या मऊ मातीत लाडाने वाढवलेले रोप उतारावर गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच माना टाकते. रोपांना दसऱ्यानंतर पूर्ण ऊन द्यावे, आणि थंडी संपल्यावर पाण्याच्या पाळ्या हळूहळू लांबवाव्यात.

थोडीच रोपे हवी असतील तर फाटे कलमानेही काम होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पिकलेली फांदी सहा ते आठ इंच कापावी, खालची पाने काढावीत, खालचे टोक मुळे फुटण्याच्या संजीवकात बुडवून ओल्या वाळूत खोचावे आणि सावलीत ठेवावे. सगळी कलमे लागत नाहीत, म्हणून गरजेच्या तिप्पट करावीत. मोठ्या उतारासाठी मात्र बियांचीच रोपे वापरावीत.

लागवड

बी पेरल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात रोपे जमिनीत न्यावीत. खड्डे मे महिन्यात करून उन्हात तापू द्यावेत. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरेसा आहे. धायटीसाठी मोठे खड्डे खणून उताराची माती मोकळी करणे उलट नुकसानीचे ठरते. निघालेले दगड फेकू नयेत. खड्ड्याच्या खालच्या बाजूला त्यांचा चंद्रकोरीसारखा छोटा बांध रचावा, म्हणजे वाहून येणारे पाणी आणि पालापाचोळा तिथे अडतो. उतारावर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर असतील, तर रोप चराच्या तळात न लावता काढलेल्या मातीच्या वरंब्याच्या खालच्या अंगाला लावावे. चरात पाणी उभे राहते, आणि ते तिला मानवत नाही.

दोन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की लागवड करावी. पिशवी ब्लेडने चिरून काढावी, तळाशी गुंडाळलेली मुळे कापावीत, आणि रोप पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर ठेवून खड्डा त्याच मातीने भरावा. सोबत ओंजळभर शेणखत पुरे, रासायनिक खत नको. दोन रोपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे. ओळी मात्र आखू नयेत. पाच-सात धायट्यांचा एक घोळका, मध्ये दोन करवंदे, बाजूला मुरुडशेंग, मग रिकामे गवत आणि पुढे दुसरा घोळका, अशी निसर्गातली मांडणी ठेवली तर गवतातल्या पक्ष्यांनाही जागा राहते आणि आग लागलीच तरी सगळे एकदम जात नाही.

पहिले दोन उन्हाळे

ऑक्टोबरमध्ये प्रत्येक रोपाभोवती हातभर गोलात गवत काढून तेच आच्छादन म्हणून बुडाशी घालावे, पण खोडाला टेकू देऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारी ते मे, पंधरा दिवसांतून एकदा दोन-तीन लिटर पाणी मिळाले तर मर कमी होते. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरते. त्यानंतर पाणी देऊ नये.

खरा शत्रू वणवा आहे. डिसेंबर-जानेवारीत गवत पूर्ण वाळण्याआधी लागवडीच्या बाहेरच्या कडेने तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा कापून आणि झाडून स्वच्छ करावा, हीच जाळरेषा. गवतासाठी उतार जाळण्याची चाल असलेल्या गावांत आधीच बसून बोलणी करावीत आणि कापलेले गवत गुरे असणाऱ्यांनाच न्यायला सांगावे. ज्याला त्या उतारावरून गवताचे भारे मिळतात, तो तिथे आग लागू देत नाही. तरीही आग लागून रोपे वरून जळाली, तर ती उपटू नयेत. जमिनीलगत स्वच्छ काप घेऊन पावसाळ्याची वाट पाहावी. ज्या रोपाचे मूळ वर्षभर जमिनीत मुरले आहे, ते पुन्हा फुटण्याची बरीच शक्यता असते.

फुलोरा, वेचणी आणि छाटणी

चांगल्या जागी लावलेले रोप साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास फुलावर येते. मागच्या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत फुलांचे झुबके लागतात, म्हणून छाटणीची वेळ चुकवू नये. दिवाळीत बागेच्या सवयीने झुडूप छाटले, तर त्या वर्षीचा फुलोरा कापून टाकल्यासारखे होते. छाटायचेच असेल, तर मेमध्ये बी गळून गेल्यावर, मृगाच्या आधी, सर्वांत जुन्या एक-दोन फांद्या बुडापासून काढाव्यात.

सुकवलेल्या फुलांना काष्ठौषधींच्या बाजारात मागणी असते. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारीआसव यांसारख्या आसवारिष्टांत, म्हणजे आंबवून केलेल्या पातळ औषधांत, ही फुले संधानासाठी (आंबवण्यासाठी) घालतात. फुलांतल्या मधावर वाढणारे नैसर्गिक किण्व आंबवण्याची क्रिया सुरू करते आणि भरपूर टॅनिनमुळे काढ्याला तुरटपणा येतो. फुलांपासून कापडासाठी रंगही काढतात. वनहक्क कायदा २००६ नुसार ज्या ग्रामसभांना गौण वनोपजाचा (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या फुले, फळे, डिंक अशा वस्तूंचा) हक्क मिळाला आहे, त्यांच्यासाठी हे उन्हाळ्यातले उत्पन्न होऊ शकते. हमीभावाच्या केंद्रीय यादीत ही फुले धवई फूल या नावाने येतात. वेचताना फांद्या मोडून आणू नयेत. पूर्ण उमललेली फुले हाताने ओढून घ्यावीत, प्रत्येक झुडपावर निम्म्याहून अधिक फुले राहू द्यावीत, आणि वेचलेली फुले चटईवर पातळ थरात, सावलीत, नळी बोटांत कुरकुरीत मोडेपर्यंत वाळवावीत.

नव्या लागवडीतल्या पहिल्या फुलोऱ्याला मात्र हात लावू नये. त्या वर्षीची फुले शिंजिरांसाठी आणि मधमाश्यांसाठी ठेवावीत. मेमध्ये बोंडे तपकिरी झाली की काही नळ्या घोळक्याच्या खालच्या बाजूला, मुरूम उघडा पडलेल्या जागी चुरून टाकाव्यात आणि त्या जागेवर दगडाची खूण करावी. जुलैअखेर तिथे वाकून पाहिले, तर पाठीवर काळसर ठिपके असलेली पहिली बारीक पाने सापडू शकतात.